लाल गाडीचा गुलाबी पडलेला रंग

सेकंडहँड घेतलेली लाल हॅचबॅक सोलापूरच्या उन्हात उघड्यावरच उभी असायची. बॉनेट आणि टप पार विटून गुलाबी पडले होते, दारं मात्र ठीक. गॅरेजवाला म्हणाला, ‘पूर्ण रंग मारा.’ म्हटलं, आधी हाताने बघू.

शाम्पूने धुतली. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसून लगेच धुतले. मग हातात प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून पत्र्यावरून फिरवली. नुसत्या बोटांना न जाणवणारी खरखर पिशवीतून लगेच कळते. ती क्ले बारने, म्हणजे पत्र्याला चिकटलेली घाण ओढून घेणाऱ्या मऊ, कणकेसारख्या वडीने काढली. पत्रा शाम्पूच्या पाण्याने सतत ओला ठेवायचा. क्ले जमिनीवर पडला तर सरळ टाकून द्या, चिकटलेली वाळू ओरखडे पाडते.

खरं काम रबिंग कंपाउंडचं, म्हणजे रंगाचा वरचा खराब थर घासून काढणाऱ्या पेस्टचं. सावलीत, पत्रा थंड असताना, हातभर जागा घेऊन घासायचं. कडांना मास्किंग टेप, कारण तिथे रंगाचा थर सगळ्यात पातळ. माझं फडकं लालभडक झालं, म्हणजे वर क्लिअर कोट, रंगावरचा पारदर्शक थर, नव्हता. मेलेला रंगच निघत होता. क्लिअर कोट असेल तर फडक्यावर रंग येत नाही. आणि त्याची सालपटं निघत असतील तर कंपाउंड घासून काही उपयोग नाही, तेवढा भाग रंगवावाच लागतो.

शेवटी पॉलिश आणि वॅक्स. टपावर दोन फिकट चट्टे राहिलेत, ते राहू दिले. वॅक्स दर दोन-तीन महिन्यांनी लावतो, आणि आता गाडीला कव्हर घेतलंय.