वेदर रेडिओ घेऊन कॅम्पिंगला निघालात? या चुका टाळा

'रानात वेदर रेडिओ लागतच नाही' अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, रेडिओचा खोका कधी फोडलात? उत्तर ठरलेलं असतं: कॅम्पसाइटवर, तंबू ठोकून झाल्यावर, ढग दिसायला लागल्यावर. मग दोन मिनिटं बटणं दाबायची, खरखर ऐकायची आणि घरी आल्यावर दुप्पट किमतीचा रेडिओ मागवायचा. नव्यातूनही खरखरच येते, कारण दोष यंत्रात फार क्वचित असतो.

वेदर रेडिओ म्हणजे फक्त हवामानाचे अंदाज आणि इशारे ऐकवणारा रेडिओ. अमेरिकेत नॅशनल वेदर सर्व्हिसचं, म्हणजे तिथल्या सरकारी हवामान खात्याचं, हे प्रसारण सातच फ्रिक्वेन्सींवर चालतं. १६२.४०० मेगाहर्ट्झपासून १६२.५५० पर्यंत, दर २५ किलोहर्ट्झवर एक. साधा एफएम १०८ ला संपतो, त्यामुळे गाण्यांचा रेडिओ घेऊन बटण फिरवत बसलात तर सकाळपर्यंत काही सापडणार नाही. हो, असे लोक भेटतात.

अँटेना पूर्ण उपसणं, आणि आडवी धरणं

अँटेना जितकी लांब तितका सिग्नल चांगला, हा समज काही केल्या जात नाही. या फ्रिक्वेन्सीची लहर साधारण १.८५ मीटरची, तिचा पाव भाग ४६ सेंटिमीटर. एवढी लांबी झाली की थांबा. हाताची वीत एकदा पट्टीवर मोजून ठेवली की रानात पट्टी लागत नाही. मी तर अँटेनावर त्या जागी मार्करने खूणच करतो. हे प्रसारण उभ्या अँटेनासाठी असतं, म्हणून अँटेना आभाळाकडे सरळ हवी. पिकनिक टेबलावर रेडिओ आडवा टाकून 'इथे रेंज नाही' म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. रेडिओ उचलतो आणि उभा करतो.

तरीही आवाज फुटत असेल तर जागा बदला, पण लगेच मैलभर चालत सुटू नका. दरीत सिग्नल कड्यांवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी येतो. कुठे त्या लहरी एकमेकींना मारतात, कुठे जोर देतात, आणि या दोन जागांत कधीकधी अर्ध्या मीटरचंच अंतर असतं. म्हणून आधी एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे, मग रेडिओ डोक्यावर धरून. प्रत्येक जागी थोडं थांबून ऐकायचं. घाईतली माणसं रेडिओ हवेत पंख्यासारखा फिरवतात आणि चांगली जागा मिळते त्याच क्षणी ती सोडून पुढे जातात.

एवढं करूनही काही नाही, तर मग चढायचं. टॉवरची पोच ढोबळमानाने ४० मैल, तीही मध्ये डोंगर नसेल तर. दरीच्या तळाशी बसून डोंगरापलीकडचा टॉवर ऐकू येईल ही अपेक्षाच चूक. संध्याकाळी उजेड असताना वर जाऊन ऐकून या. गडगडाट सुरू झाल्यावर अँटेना उपसून कड्यावर उभं राहणाऱ्यांना काय म्हणावं मला कळत नाही.

घरचा कोड तसाच ठेवून जाणं

माझ्या मते सगळ्यात धोकादायक चूक ही, कारण हिच्यात खरखरही येत नाही. सगळं छान चाललंय असंच वाटतं.

अलर्टवाल्या रेडिओत, म्हणजे इशारा आला की आपोआप वाजणाऱ्या, काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) सहा आकडी कोड भरायचा असतो. इशाऱ्यासोबत टॉवर हे कोड पाठवतो. तुमचा कोड जुळला तरच रेडिओ ओरडतो, एरवी गप्प. घराजवळ ही सोय उत्तम, कारण शेजारच्या काउंटीतल्या वादळासाठी रात्री दोनला झोपमोड होत नाही.

उत्तर अॅरिझोनात ऐन मॉन्सूनमध्ये आमचा कॅम्प होता. ग्रुपमधल्या एका मित्राने नवा अलर्टवाला रेडिओ आणला होता. 'बघ, घरूनच सेट करून आणलाय, आता निवांत झोपायचं.' मध्यरात्रीनंतर बॅटरी हलवत कोणीतरी आमच्या तंबूपाशी आलं. पलीकडच्या साइटवरचे आजोबा. त्यांचा रेडिओ किंचाळत होता, फ्लॅश फ्लडचा, म्हणजे अचानक येणाऱ्या पुराचा इशारा. आमचा हिरवा दिवा लावून शांत. आम्ही कोरड्या ओढ्याच्या काठावर होतो. तंबू गुंडाळण्यात वेळ न घालवता तसेच ओढत वरच्या सपाटीवर नेले. उजाडल्यावर त्या ओढ्यातून चॉकलेटी पाणी वाहत होतं आणि काठावरची आमची शेगडी गायब होती. मित्राचं म्हणणं, रेडिओच खराब निघाला, परत करतो. मी मेनू उघडून दाखवला: ००४०१३, म्हणजे मॅरिकोपा काउंटी, म्हणजे फिनिक्सचं त्याचं घर. आम्ही होतो कोकोनिनोत, तिचा कोड ००४००५. रेडिओने सांगितलेलं काम चोख केलं होतं. तरी त्याने तो परत केलाच.

आणि डोक्यावर आभाळ निरभ्र आहे म्हणून कोड बदलायचा कंटाळा करू नका. याच काउंटीत १२ ऑगस्ट १९९७ ला अँटेलोप कॅन्यनमध्ये ११ जण वाहून गेले. पाऊस पडला होता तो कित्येक मैल वरच्या अंगाला. म्हणून मी जिथे राहणार ती काउंटी भरतोच, शिवाय नकाशात ओढ्याचं पाणी जिकडून येतं तीही भरतो. बहुतेक रेडिओत एकाहून जास्त कोड बसतात. मोठ्या काउंटीत दूरच्या वादळासाठीही अलार्म वाजेल, खरं आहे. कटकट वाटली म्हणून अलार्म बंद करायचा असेल तर रेडिओ आणूच नका, वजन तेवढंच कमी.

याला जोडूनच एक. सर्वात खणखणीत लागणारं स्टेशन तुमचंच असेल असं नाही. कड्यावरून शंभर मैलांवरचा टॉवरही कधी सुरेख ऐकू येतो, पण तो तुमच्या काउंटीचे इशारे देतच नसेल तर काय उपयोग? थोडा फुटणारा पण आपल्या काउंटीचा टॉवर पकडा. कोणता टॉवर कोणत्या काउंट्यांसाठी आहे ती यादी वेदर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर मिळते. निघण्यापूर्वी ती कागदावर उतरवून घ्या. फोनमध्ये ठेवू नका, फोन कॅम्पवर काय कामाचा असतो ते सगळ्यांना माहीत आहे. लिहिताना फ्रिक्वेन्सीच लिहा, चॅनल नंबर नको. एका रेडिओचा चॅनल १ म्हणजे १६२.५५०, तर दुसऱ्याचा १६२.४००.

बाकीच्या, पटापट

गाडीत बसून ऐकू नका. पत्रा सिग्नल अडवतो.

रेडिओशेजारी पॉवर बँक, फोनचा चार्जर किंवा स्वस्त एलईडी कंदील ठेवू नका. खरखर पुष्कळदा तिथूनच येते. एकेक बंद करून बघा, गुन्हेगार लगेच सापडतो.

थंडीत साधे अल्कलाइन सेल मान टाकतात. मी लिथियमचे नेतो आणि रात्री रेडिओ तंबूत उशाशी ठेवतो. अलर्ट मोडवर रेडिओ रात्रभर ऐकत असतो, म्हणजे सेलही रात्रभर खर्च होतात. 'हँडल फिरवून चार्ज करू' या भरवशावर जाणाऱ्यांनी घरी एकदा ते हँडल पंधरा मिनिटं फिरवून बघावं.

वॉकीटॉकीतल्या वेदर चॅनलवर विसंबू नका. ती बोटभर अँटेना गावाजवळ ठीक.

एक वाक्य ऐकून रेडिओ बंद करू नका. संदेशांचं चक्र काही मिनिटांचं असतं आणि तुमच्या भागाचा अंदाज नेमका शेवटी येतो. पुढचं पूर्ण चक्र ऐका.

आणि चाचणी घरीच करा. दर आठवड्याला, सहसा बुधवारी दुपारच्या आत, चाचणीचा संदेश येतो. घरचा कोड भरलेला असताना तो पडद्यावर दिसला की अलर्ट चालतोय हे कळतं. मग निघायच्या आदल्या रात्री कोड बदला, आणि परत आल्यावर घरचा कोड पुन्हा भरायला विसरू नका.