एलिझाबेथ राणीचं चित्र कसं वाचावं

इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथचं चित्र समोर आलं की मी आधी तिचा चेहरा हाताने झाकते. तुम्हीही झाका. 1562 मध्ये तिला देवी आल्या, मरता मरता वाचली. पण दरबारी चित्रांत त्याचा मागमूस नाही. चेहऱ्याचा मान्य नमुना ठरलेला असे आणि चित्रकार तोच गिरवत. 1575 च्या सुमाराच्या ‘डार्नली’ चित्रातला चेहरा पुढे कितीतरी वर्षं वापरला गेला. त्यातल्या पांढऱ्याफटक कांतीवरही विसंबू नका, गालांवरचा तांबडा रंग काळाच्या ओघात उडून गेलाय. 1596 मध्ये तर प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळाने, राणीला न शोभणारी चित्रं नष्ट करायचा हुकूमच काढला.

म्हणून सुरुवात हातांपासून करा. राजकन्या असतानाचं, साधारण 1546 चं चित्र घ्या. तेरा वर्षांची मुलगी, तांबडा झगा, हातात छोटं पुस्तक आणि वाचता वाचता थांबल्यासारखं पानांत अडकवलेलं बोट. आईचा, अ‍ॅन बोलिनचा, शिरच्छेद झाला तेव्हा ही तीन वर्षांचीही नव्हती. पाठोपाठ गादीवरचा वारसाहक्क गेला, तो 1544 मध्ये कायद्याने परत मिळाला. या मुलीकडे हक्काचं म्हणावं असं एकच होतं, तिचं शिक्षण. तिच्या सगळ्या चित्रांत मला हे जास्त जवळचं वाटतं.

आता त्याच्या शेजारी आर्माडा चित्र ठेवा; आर्माडा म्हणजे 1588 मध्ये इंग्लंडवर चालून आलेलं स्पॅनिश आरमार. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतली प्रत दोन्ही कडांनी कापलेली आहे, तेव्हा वोबर्न अ‍ॅबी या इंग्लंडमधल्या वाड्यातली पूर्ण प्रत बघा. पुस्तकाच्या जागी पृथ्वीचा गोल आलाय आणि राणीची बोटं अमेरिकेवर टेकलीत. मागे दोन खिडक्या: एकीत इंग्रजांचं आरमार, दुसरीत वादळात फुटणारी स्पॅनिश जहाजं. 1588 चा विजय आणि पुढची महत्त्वाकांक्षा, दोन्ही एकाच चौकटीत.

हातांनंतर कपडे. मोती म्हणजे कौमार्य, हे एकदा ध्यानात ठेवलं की पुरे. ‘रेनबो’ चित्रात मात्र थांबा. झग्यावर डोळे आणि कान रंगवलेत, बाहीवर सर्प आहे. हे 1600 नंतरचं चित्र मानतात, म्हणजे राणी सत्तरीकडे झुकलेली; चेहरा मात्र विशीतला.

शेवटी विचारा, चित्र करवून कुणी घेतलं? 1592 च्या सुमाराच्या ‘डिचली’ चित्रात राणी इंग्लंडच्या नकाशावर उभी आहे. पावलं नेमकी कुठल्या परगण्यावर पडलीत ते शोधा: ऑक्सफर्डशर. चित्र करवून घेणारे सर हेन्री ली यांचं डिचलीचं घर तिथलंच.