हरकत कशी नोंदवावी: पाच वाक्यांत आणि मुदतीच्या आत

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, ‘नावात बदल’ आणि ‘गट नंबर अमुकचा व्यवहार ठरला आहे’ अशा चौकटींच्या गर्दीत एक वाक्य असतं: ‘याबाबत कोणाच्या हरकती अथवा सूचना असल्यास लेखी सादर कराव्यात.’ रस्त्याची आखणी, मैदानाचं आरक्षण, झाडांची तोड, प्रभागाची हद्द, मतदार यादी, असं बरंच काही या एका वाक्याखालून निघून जातं. महापालिकेचं मतदान पाच वर्षांनी एकदा. आपल्या नाशकात तर मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर जानेवारी २०२६ उजाडेपर्यंत नगरसेवकच नव्हते. त्या काळात गल्लीतल्या माणसाला अधिकृतपणे बोलायची जी थोडी दारं उघडी होती, त्यातलं हे एक. तरी बहुतेक जण पान उलटतात आणि महिन्याभराने व्हॉट्सअ‍ॅपवर संताप टाकतात. संतापाला आवक क्रमांक मिळत नाही.

मी बऱ्याच वर्षांपासून हरकती लिहितेय, माझ्या आणि इतरांच्याही. खाली जे सांगतेय ते चुका करून शिकलेलं आहे.

नोटीस शोधा

घरी एकच पेपर येतो आणि नोटीस नेमकी दुसऱ्यात असते. आठवड्यातून एकदा सावानात, म्हणजे १८४० सालापासून चालू असलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात जा. सगळे पेपर एका टेबलावर मिळतात, अर्ध्या तासाचं काम. महापालिकेची वेबसाइट आणि आपल्या विभागीय कार्यालयाचा फलक हे त्याखालोखाल. झाडाचं प्रकरण असेल तर नोटीस प्रत्यक्ष झाडावरही लावावी लागते. नसेल, तर तारखेसह फोटो काढा. तोच तुमचा पहिला मुद्दा.

मुदत मोजा

विकास आराखड्यातल्या बदलाला साधारण महिना मिळतो, झाडांना बहुतेक वेळा सातच दिवस. म्हणून ‘आधी माहिती अधिकार टाका, कागद हातात येऊ द्या, मग बोलू’ असा सल्ला देणाऱ्याचं मुळीच ऐकू नका. माहिती अधिकाराच्या उत्तराला कायद्यानेच तीस दिवस दिले आहेत. उत्तर येईल तेव्हा झाडाचा ओंडका झालेला असेल. नोटिशीत ‘नकाशा कार्यालयात पाहण्यास उपलब्ध आहे’ असं लिहिलेलं असतं. सरळ जा, नकाशा बघा, फोटो काढा. फोटो काढू देत नसतील तर वहीत उतरवून घ्या.

हरकत लिहा

इथेच सगळे घसरतात. मीही घसरले होते.

माझी पहिली हरकत तीन फुलस्केप भरून होती, आमच्या भागातल्या एका रस्त्याच्या रुंदीकरणाबद्दल. त्यात संविधानाची उद्देशिका होती, भावी पिढ्या होत्या आणि ‘हे कदापि सहन केले जाणार नाही’ हे वाक्य दोनदा होतं. सुनावणीला बसलेल्या अधिकाऱ्यांनी ती पूर्ण वाचली, अगदी मन लावून वाचली. मग चष्मा काढून म्हणाले, “ताई, सगळं पटलं. पण नकाशात नेमकं काय बदलायचं?” मला उत्तर देता आलं नाही. माझ्यामागे मखमलाबादकडचे एक शेतकरी उभे होते. त्यांच्या कागदावर पाच ओळी, मागे सातबारा आणि मोजणीचा नकाशा. आखणी माझ्या विहिरीवरून जाते, ती बांधाच्या कडेने घ्या, एवढंच. दोन मिनिटांत काम उरकून ते चहाला गेले. मी बाकावर बसून माझी तीन पानं पुन्हा वाचली आणि घामाघूम झाले.

पुढे लक्षात आलं की आत काय घडतं ते समजून घेतलं की लिहिणं सोपं होतं. आलेल्या हरकतींचा एक तक्ता तयार होतो: अनुक्रमांक, नाव, हरकतीचा सारांश, शिफारस. तुमच्या तीन पानांना त्यातली बोटभर जागा मिळते. तिथे काय यावं ते तुम्ही ठरवलं नाही, तर तक्ता करणारा ठरवतो. त्याच्याकडे ढीग असतो, म्हणून तो लिहितो: ‘हरकतदाराने सदर प्रस्तावास विरोध दर्शविला आहे.’ शेजारी शिफारस: ‘अमान्य’. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. त्याच्या हाती तुम्ही दुसरं काही दिलेलंच नसतं. तेव्हा आपण लिहायची आहे ती त्या बोटभर चौकटीत जसंच्या तसं उतरेल अशी हरकत.

मी पाच वाक्यांत लिहिते. कुठली नोटीस. मी कोण आणि मला याची झळ कशी लागते. नुकसान काय, तेही मोजून. त्याऐवजी काय करावं. आणि मला समक्ष ऐका. उदाहरण असं:

‘दि. … च्या नोटीस क्र. … मधील प्रस्तावित पार्किंगबाबत माझी हरकत आहे. मी याच रस्त्यालगत राहते आणि आईला चाकाच्या खुर्चीवरून रोज दवाखान्यात नेते. पादचारी मार्ग आज १.९ मीटर आहे (टेपने मोजून फोटो जोडले आहेत), पार्किंगचा पट्टा आखल्यावर तो ०.९ मीटर उरेल. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, म्हणून पार्किंग रस्त्याच्या दुसऱ्या बाजूस घ्यावे. मला समक्ष म्हणणे मांडण्याची संधी द्यावी व निर्णय लेखी कळवावा.’

तिसरं वाक्य घरात बसून लिहिता येत नाही. टेप घेऊन जावं लागतं, तासभर उभं राहून किती पोरं रस्ता ओलांडतात ते मोजावं लागतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातल्या झाडांचा विषय निघाला आणि हरकतींचा पाऊस पडला, तेव्हा मजकूर मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगत होते: आधी झाड बघून या. जात कुठली, बुंध्याचा घेर किती, त्यावर रंगवलेला क्रमांक काय. ‘झाडे म्हणजे आमचे श्वास’ हे फलकावर शोभतं, तक्त्याच्या चौकटीत नाही.

चौथ्या वाक्यावर वाद होतात. ‘पर्याय सुचवणं माझं काम आहे का? त्यांना पगार कशाचा मिळतो?’ तत्त्वतः बरोबर आहे. नुसता विरोध नोंदवण्याचाही तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण ‘अंशतः मान्य’ असाही एक शेरा असतो, आणि नागरिकाच्या वाट्याला जे काही येतं ते बहुतेक वेळा त्या शेऱ्यातूनच. अंशतः मान्य करायला तुमच्या कागदात मान्य करण्यासारखं काहीतरी असावं लागतं. म्हणून ‘रद्द करा’ असं लिहिलंत तरी पुढे ‘ते शक्य नसल्यास’ म्हणून दुसरी मागणी ठेवाच.

काय लिहू नये? कुणी पैसे खाल्ले ते. पुरावा असेल तर त्याची तक्रार वेगळी करा. इथे लिहिलंत की सगळं लक्ष त्या वाक्यावर जातं आणि रस्ता बाजूला राहतो. ‘कोर्टात खेचू’ हेही नको. कोर्टात जायची वेळ आलीच, तर तुम्ही मुदतीत हरकत घेतली होती का हे तिथे विचारलं जाऊ शकतं, म्हणून हा कागद शांत डोक्याने लिहिलेला बरा.

आणि झेरॉक्स हरकती बंद करा. एकच मजकूर, खाली दोनशे नावं. पुढाऱ्याला गठ्ठा दाखवायला छान, पण तक्त्यात ‘अ. क्र. १४ ते २१३, एकसमान आशय’ अशी एक ओळ होते. सामायिक मजकूर वापरायचाच असेल तर दुसरं वाक्य तरी प्रत्येकाने आपल्या हाताने आणि आपलं लिहावं. ऑनलाइन याचिकेवरच्या सह्यांबद्दल तर बोलायलाच नको. नोटिशीत दिलेल्या पत्त्यावर जे गेलं नाही, ते नोंदवलं गेलं नाही.

ज्याच्यावर गदा, त्याची सही

दुसरी मोठी चूकही माझीच. एका चौकातल्या भाजीवाल्या बायकांना दुसरीकडे हलवायचं ठरलं. मी तावातावाने त्यांच्या वतीने हरकत लिहिली. कायदाही बरोबर घातला: २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे हलवण्याआधी तीस दिवसांची नोटीस हवी, शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाले हवेत आणि त्यांच्यात एक तृतीयांश महिला. सुनावणीत पहिलाच प्रश्न आला, “तुम्ही तिथे काय विकता?”

पुढच्या तारखेला त्यांच्यातल्या एका मावशींना घेऊन गेले. त्या म्हणाल्या, “साहेब, मी पहाटे पंचवटीच्या यार्डातून माल उचलते, सातला पाटी लावते. तुमच्या नव्या जागेवर नळ नाही. मेथीवर पाणी मारलं नाही तर दहाला ती मान टाकते. अन् आम्ही बायामाणसांनी दिवसभर जायचं कुठं?” नळ आणि स्वच्छतागृह. माझ्या कलमांच्या यादीत या दोन्ही गोष्टी नव्हत्या. त्या दिवशीच्या इतिवृत्तात त्या दोनच गोष्टी उतरल्या. नळ पुढे आला, स्वच्छतागृहाचा पत्रव्यवहार अजून चालू आहे.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला हे नाशकात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याआधी सत्याग्रह समितीचे सचिव भाऊराव गायकवाड, म्हणजे आपले दादासाहेब, यांनी मंदिराच्या पंचांना तसं कळवलं होतं, हे कमी जण सांगतात. कळवणारा कुणी दयाळू त्रयस्थ नव्हता. ज्यांना दार बंद होतं, त्यांच्यातलाच एक होता.

तेव्हा तुम्हाला लिहिता येत असेल तर लेखनिक व्हा, वकील होऊ नका. ती बोलेल तसं लिहा, वाचून दाखवा. सही येत नसेल तर अंगठा घ्या आणि खाली ‘मजकूर वाचून दाखवला, समजला’ असं लिहून एका साक्षीदाराची सही. सुनावणीला गेल्यावर तिची अर्ध्या दिवसाची रोजी बुडते, हेही लक्षात ठेवा. मावशींच्या पाटीवर त्या दिवशी आमच्या सोसायटीतले दोघं बसले होते. कोथिंबिरीचा भाव चुकीचा सांगून त्यांनी गिऱ्हाईक खूश केलं. फरक आम्ही वर्गणी काढून भरला.

आवक

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. ‘ठेवून जा, साहेब आले की देतो’ याला नम्रपणे नाही म्हणा. शेवटच्या दिवशी दुपारनंतर जाऊ नका. पोस्टाने पाठवायची तर पोचपावतीसह स्पीड पोस्ट (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालं आहे), पण मुदतीच्या आत पोचेल अशी. ईमेल जोडीला करा, त्याच्यावर विसंबून राहू नका.

सुनावणी

दोन-तीन मिनिटं मिळतात. लिहिलेलं वाचून दाखवू नका, ते त्यांच्यासमोर असतंच. नकाशावर बोट ठेवा आणि चौथं वाक्य बोला. फोटोंच्या तीन प्रती ठेवा, कारण समोर एकच माणूस नसतो. बोलताना नवा मुद्दा सुचला तर तो तिथेच कागदावर लिहून, सही करून द्या. तोंडी बोललेलं हवेत जातं. सोबत कुणी जिना चढू न शकणारं असेल तर तळमजल्यावर ऐकावं, असं आधीच लेखी मागा. पाण्याची बाटली आणि चिवड्याची पुडी जवळ असू द्या, अकराची वेळ दीडला येते.

नंतर

माहिती अधिकाराची वेळ आता आली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत: ‘माझ्या आवक क्र. … च्या हरकतीवरील शिफारस व अंतिम निर्णयाची प्रत मिळावी.’ ‘का फेटाळली?’ असं विचारू नका. मत मागितलं तर मिळत नाही, कागद मागितला तर मिळतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील.

आलेली प्रत, शिक्क्याची प्रत आणि नोटिशीचं कात्रण एकाच फाइलीत लावा. माझ्या फाइलीत सगळ्यात वर ती तीन फुलस्केप पानं आहेत. मजकूर मागायला कुणी आलं की आधी तीच वाचायला देते.