जुन्या गाडीवरचा गंज तसाच ठेवायचाय? मग असं करा

आमच्या घरी १९७१ची फियाट डिलाइट आहे, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. बोनेटवरचा रंग उडून प्रायमर दिसतोय, मडगार्डच्या कडेला चहाच्या रंगाचा गंज धरलाय आणि टपाचा निळा रंग उन्हाने पार पांढुरका झालाय. येणारा-जाणारा एकच सांगतो, लांबी (पुट्टी) भरून मस्त डेंटिंग-पेंटिंग करून टाका. अहो, नवा रंग काय, पुढच्या वर्षीही मारता येईल, पण हा पन्नास वर्षांचा रंग एकदा घासला की गेला, कुठला पेंटर तो परत आणून देणार? म्हणून आम्ही तो जपायचं ठरवलं. कसं, ते सांगतो.

आधी गंज कुठला ते बघा, कारण सगळाच गंज जपायचा नसतो. पेचकसाच्या मुठीने पत्र्यावर हलके ठोकत जा. टणटण वाजलं तर पत्रा शाबूत आणि गंज फक्त वरवरचा. भदभद वाजलं किंवा टोक दाबल्यावर आत गेलं तर पत्रा सडलाय, तिथे वेल्डिंगच करायला लागतं. पायाखालचा पत्रा, चासी, जॅक लावायच्या जागा, दाराखालची पट्टी इथे हौस अजिबात नको, गाडी चालवायची आहे आपल्याला. स्टेपनीखालची जागाही बघा, तिथे पाणी साचून राहतं. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात ती मातीने बुजतात आणि दार आतून सडतं, आपण मात्र बाहेरून पॉलिश करत बसतो. तारेने ती मोकळी करा.

मग धुवा. बादलीत पाणी, गाडीचा साधा शाम्पू, मऊ स्पंज. सर्व्हिस स्टेशनचा प्रेशरचा पाइप नको, सुटत आलेल्या रंगाचे पापुद्रे त्याने उडतात. आणि घरातलं कुणीतरी चिंच-लिंबाचा सल्ला देईलच, तांब्याचा बंब चकचकीत होतो तसा म्हणून. आंबट पदार्थ गंज खातात, म्हणजे जे जपायचं तेच जातं! धुतल्यावर दारं, बोनेट, डिकी उघडी टाकून उन्हात खडखडीत वाळू द्या.

आता हात लावला की भुकटी होऊन गळणारा गंज काढायचा, तेवढाच. ०००० नंबरची, म्हणजे सगळ्यात बारीक स्टील वूल (पोलादी तारांचा मऊ गुंडा) घ्या, मशीनच्या पातळ तेलात बुडवा आणि हलक्या हाताने फिरवा. फडक्यावर तांबडं येतं तोवर ठीक, खालचा पत्रा चमकायला लागला की थांबा. पॉलिश पेपर आणि रबिंग कंपाउंड घरात ठेवूच नका, मोह होतो. झालं की स्पिरिटच्या फडक्याने तेल पुसून घ्या. आधी कोपऱ्यात करून बघा मात्र, जुना रंग कधीकधी विरघळतो.

बाजारात मिळणारं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज थोपवायचं रसायन, गंजाला काळं करतं, त्यामुळे ते फक्त गाडीखाली, न दिसणाऱ्या ठिकाणी. दारांच्या पोकळीत लॅनोलिनचा (मेंढीच्या लोकरीतल्या चरबीचा) स्प्रे मारा, ते बरेच दिवस ओशट राहतं आणि पाणी टिकू देत नाही.

आता मुख्य काम, तेल. रंगाच्या दुकानात बॉईल्ड लिनसीड मिळतं ते आणा, खायचं जवसाचं तेल नको, ते वाळता वाळत नाही. निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाइन. पहिला हात डिकीच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा, कारण तेलाने गंज ओला असल्यासारखा गडद दिसतो आणि सगळ्यांना ते आवडतंच असं नाही. आवडलं तर सावलीत, धागे न सोडणाऱ्या सुती कपड्याने अगदी पातळ हात द्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढा. इथेच माझं चुकलं होतं, जाड थर दिला तर जास्त टिकेल असं वाटलं आणि पुढचे कित्येक दिवस बोनेट गुळासारखं चिकट, त्यावर सगळ्या गल्लीची धूळ! पावसाळ्यात हे काम काढूच नका, दिवाळीनंतर करा.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. या तेलाच्या चिंध्या चुरगाळून टाकल्या तर आपोआप तापून पेटतात, खरंच पेटतात. बाहेर दोरीवर एकेक पसरून कडक वाळवा, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

गॅरेजवाला म्हणेल, मॅट क्लिअर कोट (बिनचमकीचा पारदर्शक थर) मारून देतो, कटकट संपली. दिसतो छान, पण खाली थोडा जरी ओलावा अडकला तरी गंज आतल्या आत वाढतो, कोट फुगतो आणि तो काढताना जुना रंगही निघतो. तेल फिकं पडलं तर परत लावता येतं. आमच्या गाडीला वर्षातून एकदा पुरतं, उघड्यावर उभी असेल तर दोनदा लागेल.

गाडी झाकायला प्लास्टिकची ताडपत्री वापरू नका, आत घाम धरतो. सुती कव्हर घ्या, गाडी पूर्ण वाळल्यावरच घाला. कोकणात समुद्राजवळ असाल तर खाऱ्या वाऱ्याने गंज भराभर वाढतो, तिथे दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुवा, खालून पण. आणि मुंबईच्या पावसात चक्कर मारायची हुक्की आलीच तर मारा, परत आल्यावर मॅट काढून खालचा पत्रा पुसायचा तेवढा विसरू नका.