दोन खिळे आणि एक दोरी: या चुका टाळा

सांगलीत सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन मी दोरीची कोडी सोडवायला बसते. सगळ्यांचं घोडं अडतं ते एकाच ठिकाणी. दोन खिळ्यांवर चित्र असं टांगायचं, की कुठलाही एक खिळा काढला तरी ते पडलं पाहिजे.

पहिली चूक दोरीतच होते. गणपती पेठेतून सुतळीचा गुंडा येतो. सुतळी खरखरीत, खिळ्याला धरून बसते, त्यामुळे बरोबर गुंडाळलेलं चित्रही पडत नाही. मूल मात्र समजतं आपलंच चुकलं, आणि याचं मला फार वाईट वाटतं. गुळगुळीत नायलॉनची दोरी, खिळ्यांऐवजी दोन पेन्सिली आणि चित्राऐवजी पुठ्ठा घ्या.

आता दोरीची वाट. दोरी एका खिळ्यावरून एकदा गेली की एक फेरा धरा. दोरी डाव्या खिळ्याच्या डावीकडून वर, दोन्ही खिळ्यांवरून उजवीकडे खाली. उजव्याच्या खालून मधल्या फटीत वर, डाव्यावरून डावीकडे खाली. मग दोन्हींच्या खालून उजवीकडे, वर चढून उजव्यावरून मधल्या फटीत खाली.

उजवा काढल्यावर पडतं, पण डावा काढल्यावर लटकतंच? शेवटचा उजवा फेरा राहिला. दोन्ही खिळे जागेवर असतानाच पडतं? मग गेलात त्याच वाटेने परत आलात. उलटे फेरे घेतानाही क्रम ‘आधी डावा, मग उजवा’ असाच हवा. एक खिळा काढूनही काहीच होत नाही? चारही फेरे एकाच दिशेचे झालेत. फेऱ्यांची संख्या सगळे मोजतात, दिशा कुणी पाहत नाही. कोडं तर दिशेतच आहे.

दुसरं कोडं: दोरीची दोन्ही टोकं धरून, ती न सोडता गाठ मारा. इथे आधी टोकं धरली की संपलं. हात, अंग आणि दोरी मिळून बंद कडं होतं, त्यात नवी गाठ शिरत नाही. आधी हाताची घडी घाला, मग टोकं धरा आणि घडी सोडा. हातांतली गाठ दोरीत उतरते.

तिसरं: 50 मीटर उंच दोन खांबांच्या टोकांना 80 मीटरची तार बांधली, तिचा तळ जमिनीपासून 10 मीटरवर. खांबांत अंतर किती? मोठी मुलं लगेच परवलयाचं (फेकलेल्या चेंडूच्या वाटेसारख्या वक्राचं) समीकरण मांडतात. लोंबत्या तारेचा आकार परवलय नव्हेच; लायब्निझ, हायगेन्स आणि योहान बर्नूली या गणितज्ञांनी त्याचं खरं उत्तर 1691 मध्ये दिलं. पण इथे तेही लागत नाही. तार 40 मीटर खाली येते आणि 40 मीटर वर जाते, म्हणजे खांब एकमेकांना चिकटलेले. तळ 20 मीटरवर असता तर लोंबत्या तारेचं ते सूत्र लागलं असतं, अंतर साधारण 45.4 मीटर.