वेगवेगळ्या जातीचे क्लाऊनफिश एकाच टँकमध्ये ठेवायचे असतील तर

दर्यापूरकडच्या आमच्या गावात समुद्राचे मासे पाहायला लोकं अजूनही घरी येतात अन् सगळ्यांचा प्रश्न एकच, "भाऊ, हे सारे नारंगीच तं हायेत, मंग एकत्र काहून नाई टाकत?" टाकता येतात, पण रंग पाहून नाही, जात अन् स्वभाव पाहून. क्लाऊनफिशच्या जवळपास 30 जाती आहेत. ओसेलारिस अन् परक्युला शांत, टोमॅटो अन् क्लार्की तापट, अन् मरून म्हणजे सगळ्यात भांडखोर, तिची मादी 15 सेंमीच्या आसपास वाढते. मी सुरुवातीला 3 फुटाच्या टँकमध्ये मरूनसोबत ओसेलारिसची जोडी सोडली, सकाळी दोघांच्या शेपट्या फाटलेल्या, दोन दिवसात दोन्ही गेले. ते अजून मनातून जात नाही.

भांडण कशाचं असते ते आधी समजून घ्या. हे मासे सगळे नर म्हणूनच जन्मतात, मंग घोळक्यातला जो सगळ्यात मोठा अन् जोरदार तो मादी होतो, दुसऱ्या नंबरचा तिचा नर, बाकीचे लहानच राहतात. घर त्या मादीचं, तिथं दुसरी जात आली की ती हाकलणारच. समुद्रात इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनीकडे एकाच ॲनिमोनमध्ये (हे मासे ज्याच्यात घर करतात तो फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) दोन जाती राहताना दिसल्या आहेत, पण तिथं हरणाऱ्याला पळायला जागा असते, काचेच्या पेटीत नसते.

म्हणून पहिलं काम टँक. दोन जातींसाठी 4 फुटाच्या खाली जाऊच नका, 6 फूट असला तर लय चांगलं. दोन्ही टोकांना दगडांचे वेगळे ढीग करा, मधात मोकळी जागा, म्हणजे इकडच्याला तिकडचा सारखा दिसत नाही. ॲनिमोन आणायची घाई नको, त्याला जोरदार लाईट अन् जुना स्थिरावलेला टँक लागतो. त्यापेक्षा रंग न दिलेली मातीची कोरी बोळकी आडवी ठेवा, संक्रांतीच्या वेळी बाजारात ढिगानं मिळतात, मासे त्यात मजेत राहतात.

मंग पाणी. आपल्याकडं खारपाणपट्टा आहे म्हणून विहिरीचं खारं पाणी चालत असेल असं कितीतरी जण विचारतात. अजिबात चालत नाही, त्यातले क्षार समुद्राच्या पाण्यासारखे नसतात. आरओचं पाणी घ्या अन् मरीन सॉल्ट मिसळा, लिटरला साधारण 35 ग्रॅम, म्हणजे 250 लिटरला 9 किलोच्या आसपास, घरातलं मीठ नाही. खारेपणा मोजायच्या हायड्रोमीटरवर 1.024 ते 1.026 पाहिजे. लाईव्ह रॉक (पाणी साफ ठेवणारे जिवाणू असलेला समुद्री दगड) टाकून टँक 4 ते 6 आठवडे बिनामाशाचा चालवा, याला सायकल म्हणतात, माशांना घातक असलेले अमोनिया अन् नायट्राईट दोन्ही शून्य आले की मगच मासे.

मे महिना खरी परीक्षा. बाहेर 45 डिग्री असते अन् माशांना 25 ते 27 लागते. झाकण काढून जाळी लावा, पाण्यावर छोटा पंखा मारा, दोनतीन डिग्री उतरते. कूलरची खोली दमट झाली असेल तर पंख्याचा फायदा कमी होतो, खिडकी उघडी ठेवा. पाणी रोज आटते, पण मीठ मागंच राहते, म्हणून भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची, काचेवर मार्करनं रेघ मारून ठेवा. लाईन गेली तर बॅटरीवाला एअर पंप हाताशी पाहिजेच, गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो.

आता मासे. जमले तर हॅचरीत वाढलेली पिल्लं घ्या, आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं यांचं प्रजनन यशस्वी केलं आहे. सगळे लहान वयाचे घ्या. ओसेलारिससोबत पिंक स्कंकसारखी मवाळ जात घेऊन पाहता येते, ओसेलारिस अन् परक्युला तर इतके जवळचे की एकमेकांशी जोडी जमवतात. मरूनला मात्र तिच्या जोडीदारासोबत वेगळाच टँक द्या. आणल्यावर वेगळ्या पेटीत 4 आठवडे ठेवा, क्लाऊनफिशला ब्रुकलिनेला या बारीक परजीवीचा रोग लवकर लागतो, अंगावर पांढरट चिकट थर दिसते. टँकमध्ये सोडताना सगळे एकाच दिवशी, अन् ते जमत नसेल तर शांत जात आधी, तापट नंतर.

सोडल्यावर पंधरा दिवस रोज बसून पाहा. लहान मासा थरथरून आडवा झाला तर घाबरू नका, तो हार मानतो आहे, म्हणजे जमलं. पण कोणी कोपऱ्यात, पाण्याच्या वरच्या थरात अडकून राहिला, खायला येत नाही, पंख फाटले, तर त्याच संध्याकाळी प्लास्टिकच्या जाळीची भिंत टाकून वेगळा करा. अन् वर्ष-दोन वर्षांनी जोडीनं बोळक्यात अंडी घातली की शांत ओसेलारिसही आपल्या हाताला चावतो, तेव्हा दुसऱ्या जातीसाठी एक सायकल झालेला लहान टँक तयार असू द्या.