गेम खेळून प्राचीन इतिहास शिकताय? मग या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

ऑफिसच्या क्विझमध्ये प्रश्न आला, अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस कशाने गेला? मी सगळ्यात आधी हात वर केला आणि छाती फुगवून सांगितलं, पार्थेनॉनमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या देवळात, गळा चिरला त्याचा. सगळे गप्प. बरोबर उत्तर होतं साथीचा रोग, इ.स.पू. ४२९. गळा चिरतात तो 'असॅसिन्स क्रीड ओडिसी'मध्ये, आणि मी ती गेम ऐंशी तास खेळून स्वतःला ग्रीक इतिहासाचा जाणकार समजत होतो. (खेळायची राहिली असेल तर सॉरी, स्पॉयलर दिला, पण माणूस जाऊन चोवीसशे वर्षं झालीत.)

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, गोष्ट आणि गाव एकत्र गिळणं. या गेम्समध्ये गाव बऱ्यापैकी अभ्यास करून उभं केलेलं असतं, देवळं, भांडी, कपडे, बाजार वगैरे, पण कटसीनमध्ये, म्हणजे मधे मधे सिनेमासारखे प्रसंग येतात त्यात, कोण कोणाला काय म्हणालं आणि कोणी कोणाला मारलं हा सगळा मसाला. 'ओरिजिन्स'मध्ये (याच मालिकेतली इजिप्तवरची गेम) आपला हिरो क्लिओपात्राला गालिच्यात गुंडाळून खांद्यावर टाकतो आणि सीझरपुढे नेतो. बायकोने विचारलं, हे खरंय का रे? मी म्हटलं हो तर, सिनेमात पण दाखवतात. नंतर शोधलं तर प्लुटार्क नावाचा जुना ग्रीक चरित्रकार लिहितो की ती अंथरुणाच्या गाठोड्यात शिरली, म्हणजे आपली वळकटी, गालिचा वगैरे काही नाही, आणि उचलून नेणारा अपोलोडोरस नावाचा तिचाच माणूस होता. त्यातही प्लुटार्क हे लिहितोय घटनेनंतर साधारण दीडशे वर्षांनी. म्हणजे वळकटीचाच भरवसा नाही आणि आपण गालिच्यावर पैज लावतोय.

दुसरी चूक अंतराची, आणि ही जास्त नडते कारण कळतच नाही की चूक होतेय. ओडिसीमध्ये घोड्यावर बसलं की चहा निवायच्या आत अथेन्सहून स्पार्टाला पोचतो. खरं अंतर २४० किमीच्या आसपास आहे, मधे डोंगर. आता हे अंतर डोक्यातून गेलं की अथेन्स-स्पार्टाचं ते अख्खं युद्धच समजत नाही. स्पार्टाचं सैन्य उन्हाळ्यात यायचं, अथेन्सच्या आजूबाजूची शेतं जाळायचं आणि परत जायचं, कारण घरून इतक्या लांब जास्त दिवस तळ ठोकणं परवडत नव्हतं, घरची शेती होती आणि मागे हेलॉट म्हणजे गुलाम कधी उठतील याचा नेम नाही. त्यांची सगळ्यात लांबलेली स्वारी पण ४० दिवसांच्या आसपासची. म्हणून पेरिक्लिस म्हणाला उघड्यावर लढायचंच नाही, सगळ्यांनी भिंतीच्या आत या, धान्य समुद्रातून आणू. अथेन्सपासून पिरेयस बंदरापर्यंत सहाएक किलोमीटर लांब भिंती होत्या, खेड्यापाड्यातली माणसं आत येऊन जागा मिळेल तिथे दाटीवाटीने राहिली, आणि इ.स.पू. ४३० मध्ये साथ आली. त्याच काळातला इतिहासकार थ्युसिडिडीस याने हे सगळं लिहिलंय आणि त्याला स्वतःलाही तो रोग झाला होता. म्हणजे पेरिक्लिसला अंतर, भिंत आणि गर्दी यांनी मारलं, आणि गेममध्ये नेमकं अंतरच गायब, मग खुनी आणावाच लागतो!

यावर उपाय सोपा आहे, शेजारी फोनवर खरा नकाशा उघडा ठेवायचा आणि एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना चालत किती दिवस लागतील हे बघायचं. कंटाळा येतो, पण उपयोग होतो.

काळाचंही तेच. ओरिजिन्समध्ये क्लिओपात्रा आणि गिझाचे पिरॅमिड एकाच मॅपवर दिसतात त्यामुळे भाच्याला वाटलं तिनेच बांधले. ती जन्मली तेव्हा खुफूचा, म्हणजे गिझाचा सगळ्यात मोठा पिरॅमिड जवळपास २५०० वर्षं जुना होता. शिवाय त्या पिरॅमिडच्या आत जे काही लपलेले भाग दिसतात त्यातले काही ज्यां-पिएर उदाँ नावाच्या फ्रेंच आर्किटेक्टच्या थिअरीवरून घेतलेत, खोदून सापडलेले नाहीत, तेव्हा शाळेच्या प्रोजेक्टमध्ये ठोकून देऊ नका.

बरेच जण गेममधली डिस्कव्हरी टूर उघडतच नाहीत ही अजून एक चूक. दोन्ही गेम्सला आहे, मारामारी शून्य, नुसतं फिरायचं, इजिप्तमध्ये तर ७५ टूर आहेत, आणि मधे मधे म्युझियममधल्या खऱ्या वस्तूंचे फोटो येतात. काही ठिकाणी बनवणारेच सांगतात की इथे आम्ही इतिहास वाकवलाय, उदा. वर्गात मुलींना पण बसवलंय. हे थांबे अजिबात गाळू नका, माझ्या मते सगळ्या टूरमध्ये हेच सगळ्यात कामाचे. फक्त ही पण सोवळी नाही बरं का, इजिप्तच्या टूरमध्ये नागड्या पुतळ्यांवर शिंपले चिकटवलेत. भाच्याने विचारलं तेव्हा जुने लोक असेच पुतळे करायचे का, मी पाणी प्यायला उठलो.

आता उलटी चूक. ओडिसीतले भडक रंगाचे पुतळे बघून भाचा म्हणाला हे फेक आहे, पुस्तकात तर पांढरे असतात. इथे गेम बरोबर आणि आपल्या डोक्यातलं चित्र चूक, पार्थेनॉनच्या शिल्पांवर निळ्या रंगाचे अंश सापडलेत. म्हणजे विचित्र दिसलं की खोटं, असंही धरायचं नाही. याच्या बरोबर उलट 'रोम टोटल वॉर' ही गेम, तिथे काळ इ.स.पू. २७० चा आणि इजिप्तचं सैन्य मात्र हजार वर्षं आधीच्या थाटात, रथबिथ घेऊन. खरं तर तेव्हा टॉलेमींचं, म्हणजे क्लिओपात्राच्याच ग्रीक घराण्याचं राज्य, ग्रीक वळणाचे लांब भालेवाले. ते बघून वैतागलेल्या लोकांनी 'युरोपा बार्बारोरम' नावाचा मॉड (गेमवर टाकायचा चाहत्यांनी केलेला बदल) बनवला, खेळायचा तर तो टाकून खेळा.

"काहीच लक्षात राहत नाही" म्हणणाऱ्यांसाठी, रोज एकच टूर करा आणि संपली की वहीत तीन ओळी, कुठे, कधी, आणि हे कशावरून कळलं. तिसरी ओळ लिहिता आली नाही तर तिथे प्रश्नचिन्ह टाका. माझी अर्धी वही प्रश्नचिन्हांचीच आहे. आणि खरी वस्तू बघायला ग्रीसलाच जायला पाहिजे असं नाही, कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्ती सापडलीय, आणि कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दान देणाऱ्या यवनांची (तेव्हा ग्रीकांना यवन म्हणत) नावं कोरलेली आहेत.

कोणीतरी विचारणारच, आपल्या इतिहासाची गेम नाही का? पुण्यात बनलेली 'राजी' आहे, दिसायला भारी, पण ती पुराणकथांची, तिच्यात मौर्य शोधत बसू नका.

राहिला लॅपटॉप. ओरिजिन्स त्याला चांगलाच घाम फोडते, तेव्हा सावल्या आणि रेझोल्यूशन खाली आणा, टूरमध्ये लढायचं नसल्यामुळे थोडं अडकत चाललं तरी बिघडत नाही. आणि कृपा करून गादीवर ठेवून खेळू नका, माझा तसाच गेला, गेममधल्या मेम्फिस शहरात फिरताना.